मोकळ्या मैदानातील तालीम

'तालीम' हा शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र एखादा मुलगा "मी तालमीत जातो" असे म्हणाला, तर तो शाळेत जातो असे कोणी समजत नाही. तो जोर-बैठका काढायला आणि कुस्ती खेळायला जातो. शब्द एकच, अरबीतून आलेला. मराठीने त्याला लाल माती लावली. तालमीतील गुरूला 'वस्ताद' म्हणतात, म्हणजे आपला उस्ताद. लढणारा तो 'पैलवान', म्हणजे पहलवान. जोर, पेच, खुराक हे शब्दही तुमच्या घरचेच आहेत. तेव्हा या पाठात निम्म्या वाटेवर तुम्हांला ओळखीचे लोक भेटतील.

आजकाल अनेक शाळांत कराटे, ज्यूदो, तायक्वांदो शिकवतात. शाळेच्या सभागृहात फरशी असते किंवा चटई घातलेली असते. जमीन सपाट आणि कोरडी, वर पंखा. अशा ठिकाणी शिकणे सोपे जाते, हे खरे. पण अनेक जुन्या युद्धविद्या सभागृहात जन्मल्या नाहीत. अंगणात, शेताच्या बांधावर, नदीकाठच्या वाळूत, पावसात भिजलेल्या मैदानात माणसांनी त्या घडवल्या. म्हणून सभागृहात उत्तम लाथ मारणारा विद्यार्थी ओल्या गवतावर तीच लाथ मारायला जातो आणि पाठीवर आपटतो. त्याची लाथ चुकलेली नसते. त्याच्या पायाखालची जमीन बदललेली असते, आणि पायांना ते कोणी सांगितलेले नसते.

असे का होते ते विज्ञानाच्या पुस्तकातून समजून घेऊ. प्रत्येक शरीराला एक गुरुत्वमध्य असतो. तुम्ही त्याला मरकज-ए-सिक्ल म्हणता. माणूस सरळ उभा असताना तो साधारण बेंबीच्या थोडा खाली असतो. तेथून सरळ खाली दोरी सोडली असे समजा. ती दोन पावलांच्या मधल्या जागेत पडली तर माणूस उभा राहतो. त्या जागेच्या बाहेर गेली की पडतो. पावले फाकली की ती जागा मोठी होते, आणि गुडघे वाकवले की गुरुत्वमध्य खाली येतो. म्हणून जगातल्या जवळजवळ सगळ्या युद्धकलांत पहिला धडा एकच असतो: पाय फाकवा, गुडघे वाका. या उभे राहण्याला मराठीत 'पवित्रा' म्हणतात.

पण येथे एक अडचण आहे. पाय फाकले की ते जमिनीला बाहेरच्या बाजूला ढकलतात. कोरड्या जमिनीवर घर्षण, म्हणजे रगड, त्यांना धरून ठेवते. चिखलावर घर्षण कमी होते, आणि जितका पवित्रा लांब तितके पाय लवकर निसटतात. म्हणून निसरड्या जमिनीवर पावले थोडी जवळ घ्यावी लागतात. पाऊल टाचेवर न टाकता सपाट टेकवावे लागते. उंच लाथ तर विसरूनच जावी. शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. भाताच्या खाचरात चालणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलेत, तर चिखलातला पवित्रा तुम्हांला फुकट शिकायला मिळेल.

आता आपल्याकडच्या मातीकडे वळू, कारण जमिनीचा एवढा बारीक विचार फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

कोल्हापूर, सांगली, पुणे या भागांतील तालमींत कुस्तीसाठी एक खोलगट चौक केलेला असतो. त्याला 'हौदा' म्हणतात. त्यात साधी माती घालत नाहीत. तांबडी माती बारीक चाळून घेतात. तिच्यात हळद, कापूर, लिंबाचा रस, ताक, तेल, काव असे पदार्थ मिसळतात. प्रत्येक तालमीचे प्रमाण वेगळे, आणि प्रत्येक वस्तादाला आपलेच प्रमाण खरे वाटते. तेल आणि ताक यांमुळे मातीत ओलावा, म्हणजे नमी, टिकतो. माती सुकून कडक झाली की अंग सोलते. फार ओली झाली की पाय घसरतो. म्हणून पैलवान रोज ती फावड्याने खणतात, ढेकळे फोडतात आणि पुन्हा सपाट करतात. हे कामही हलके नव्हे. हौदा खणता खणताच खांदे आणि कंबर तयार होते, मग कुस्ती सुरू होते.

लढताना पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, हे तुम्ही जत्रेत पाहिले असेल. काही मुलांना तो अपमान वाटतो. तसे मुळीच नाही. घामाने अंग निसरडे होते आणि हात सुटतो. माती घाम शोषून घेते आणि पकड टिकते. म्हणजे येथे घर्षण वाढवण्यासाठी माती हे साधन म्हणून वापरली जाते.

तुर्कस्तानात याच्या अगदी उलट करतात. एदिर्ने शहराजवळ दरवर्षी उन्हाळ्यात 'किर्कपिनार' नावाची कुस्तीची मोठी स्पर्धा उघड्या गवताच्या मैदानावर भरते. तेथे पैलवान डोक्यापासून पायापर्यंत ऑलिव्हचे म्हणजे जैतूनचे तेल ओतून घेतात आणि मग लढतात. अंगावर पकड मिळत नाही, म्हणून कातडी विजारीला धरावे लागते. नुसत्या ताकदीने तेथे काही होत नाही. गंमत म्हणजे तेही आपल्या मल्लाला 'पेहलिवान'च म्हणतात. २०१० साली युनेस्कोने या स्पर्धेचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

मातीवर वाढलेला पैलवान दुसऱ्या जमिनीवर गेला की काय होते, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. पहिले गामा पहलवानांचे. त्यांचे नाव गुलाम मुहम्मद. अखाड्याच्या मातीत घडलेला हा मल्ल १९१० साली लंडनला गेला. तेथे १० सप्टेंबर रोजी पोलंडच्या स्तानिस्लाव झ्बिश्को याच्याशी त्यांची कुस्ती झाली. झ्बिश्को वजनाने बराच भारी होता. तो खाली गेला आणि पोटावर पालथा पडून चटईला चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गेला, तरी कुस्ती निकाली झाली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचे ठरले, पण झ्बिश्को आलाच नाही आणि गामांना विजयी ठरवण्यात आले. हेच दोघे १९२८ साली पतियाळा येथे पुन्हा समोरासमोर आले. दोघांचीही वये पन्नाशीच्या आसपास होती. या वेळी मैदान गामांच्या देशातले होते. एक मिनिटही झाले नाही, तोच झ्बिश्को चीत झाला. सगळे श्रेय जमिनीला देणे बरोबर होणार नाही; गामा हे गामाच होते. पण पालथे पडून वेळ काढण्याची युक्ती पतियाळ्यात उपयोगी पडली नाही, एवढे नक्की.

दुसरे उदाहरण खाशाबा जाधव यांचे. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथला हा मुलगा मातीत कुस्ती शिकला. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये तो उतरला, तेव्हा त्याला मॅटवरच्या कुस्तीची सवय नव्हती. मातीत पाय रुततो; तेथे ताकद, दम आणि घट्ट पकड यांना महत्त्व असते. मॅटवर पाय रुतत नाही, पायात बूट असतात, हालचाल झपाट्याने होते आणि प्रत्येक हालचालीचे गुण मोजले जातात. अशा अनोळखी जमिनीवर खाशाबा सहावे आले. नंतरची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत घेतली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. माती वाईट आणि मॅट चांगली, असा याचा अर्थ काही लोक काढतात. मला तो पटत नाही. ज्याला दोन्ही जमिनी कळतात, त्याच्या हातात एक जादा डाव असतो, एवढेच फार तर म्हणता येईल.

वाळूची गोष्ट निराळी आहे. वाळूत पाऊल टाकले की ते खाली जाते आणि मागेही सरकते. पुढे जाण्यासाठी लावलेला जोर वाळू हलवण्यात खर्च होतो. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले, की कठीण जमिनीवर चालण्यापेक्षा वाळूत त्याच वेगाने चालायला दोन ते अडीच पट किंवा थोडी अधिकच शक्ती लागते. कोकणातील मुलांना हे आकडे नको आहेत. त्यांच्या पोटऱ्यांना ते ठाऊक आहे. वाळूत पडले तरी कमी लागते, म्हणून उडी, कोलांटी आणि पडण्याचा सराव तेथे चांगला होतो. मात्र समुद्राच्या ओल्या वाळूचा पट्टा पाण्याकडे उतरता असतो. तेथे रोज एकाच दिशेला तोंड करून सराव केला, तर एक पाय सतत उंचावर आणि दुसरा खाली राहतो. गुडघा आणि घोटा दुखू लागतो. अर्धा सराव झाल्यावर तोंड फिरवावे, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार येतो.

डोंगरउतारावरही असेच आहे. उतारावर खालच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाची अडचण सगळ्यांना दिसते. वरच्या माणसाची अडचण मात्र पहिला धक्का चुकल्यावर कळते. तो आपल्याच जोराने खाली घसरत जातो. म्हणून उतारावर दोघांनीही तिरपे उभे राहून, पावले आडवी रोवून सराव करायचा असतो.

आता पाऊस. पाऊस आला की आपल्याकडे मैदानावरचे खेळ बंद पडतात. केरळमध्ये मात्र 'कळरीपयट्टू' ही प्राचीन युद्धकला शिकण्याचा खरा मोसम पावसाळाच मानतात. कारण साधे आहे. उन्हाळ्यात तेथे इतका उकाडा असतो की कष्टाचा सराव करवत नाही. पावसाळ्यात हवा गार होते, अंगाला तेलाचे मालिश करून स्नायू मोकळे करता येतात. पण मग चिखलाचे काय? त्यावर केरळच्या लोकांनी छान तोड काढली. ते जमिनीत सुमारे ४ फूट खोल खड्डा खणतात. त्याची लांबी ४२ फूट आणि रुंदी २१ फूट. वर झावळ्यांचे छप्पर. याला 'कुळिकळरी' म्हणतात. वारा वरून निघून जातो, जमीन दबलेल्या मातीची आणि गार असते. शिकणारे अनवाणी असतात, त्यामुळे तळव्याला मातीचा ओलावा कळतो. आधी शरीराचे व्यायाम, मग लाकडी काठ्या, नंतर तलवार आणि भाला, असा क्रम असतो. कळरीच्या गुरूला 'गुरुक्कळ' म्हणतात, आणि हिंदू, मुसलमान अशा दोन्ही समाजांत नामवंत गुरुक्कळ होऊन गेले आहेत. वडकरा येथील मीनाक्षी अम्मा यांना तर ७० वर्षे ओलांडल्यावर, २०१७ साली, पद्मश्री मिळाली. त्या साडी नेसून तलवार चालवतात. मुलींनी युद्धकला शिकावी की नाही, असा प्रश्न अजूनही कोणी विचारत असेल, तर त्याला हे नाव सांगावे.

इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर मिनांगकाबाऊ लोक राहतात. हा मुस्लिम समाज आहे. त्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मुलगा थोडा मोठा झाला की रात्री घरी झोपत नसे. तो 'सुराऊ' नावाच्या नमाजघरात जाई. तेथे तो कुराण वाचायला शिके आणि बाहेरच्या अंगणात 'सिलत' ही युद्धकला शिके. म्हणजे आपली तालीम आणि मराठीची तालीम तेथे एकाच जागी भरत होती! सुमात्रात पाऊस भरपूर पडतो, जमीन बहुतेक ओली असते. सिलतच्या एका शैलीला वाघाचे नाव आहे. तीत माणूस इतका खाली बसतो की हात जमिनीला टेकतात आणि तो बसल्या बसल्याच पाय मारतो. निसरड्या जमिनीमुळेच ही शैली घडली असे सांगतात. जो आधीच जमिनीवर आहे, तो घसरून आणखी कोठे पडणार? २०१९ साली सिलतचाही युनेस्कोच्या यादीत समावेश झाला.

थंडीविषयी फार सांगण्यासारखे नाही. जपानमध्ये जानेवारीच्या कडाक्यात, पहाटे उठून काही दिवस खास सराव करण्याची पद्धत आहे. तिला 'कांगेइको', म्हणजे थंडीची तालीम, म्हणतात. १८८२ साली जिगोरो कानो यांनी स्थापन केलेल्या कोदोकान या ज्यूदो संस्थेत ती अजून पाळतात. आपल्याकडे निफाडसारख्या ठिकाणी थंडीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो, पण बर्फ पडत नाही. गार स्नायू कमी ताणतात आणि लवकर दुखावतात, म्हणून अंग गरम करायला उन्हाळ्यापेक्षा दुप्पट वेळ द्यावा. सराव संपल्यावर घामाचा सदरा अंगावर ठेवून गप्पा मारत उभे राहू नये.

खरा धोका आहे तो उन्हाचा. मालेगाव, अकोला या भागांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. भिवंडी-मुंबईकडे तो ३५ अंशांच्या आसपासच असतो, म्हणून तिकडची मुले निर्धास्त राहतात. पण शरीर गार होते ते घाम वाळल्याने. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. त्यामुळे कमी तापमानातही शरीर आतून तापत जाते. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी दोन तासांचा सराव घेणारा शिक्षक कडक नसतो, अडाणी असतो. पहिल्या दिवशी १५-२० मिनिटे पुरे. मग रोज थोडे वाढवावे.

सराव करताना एखादा मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, ओळखीच्या माणसाला ओळखेना, तर तो दमला आहे असे समजू नका. हा उष्माघात, म्हणजे लू लागणे, असू शकतो. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. अशा वेळी अंगाला घाम असेल किंवा नसेलही. त्याला ताबडतोब सावलीत न्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी दवाखान्यात नेण्यासाठी वाहन बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. वाहन येईपर्यंत अंगावर पाणी ओतणे थांबवू नका. अशा प्रसंगी मिनिटांवर जीव अवलंबून असतो.

रोज्यांच्या दिवसांत सराव करावा की नाही, हे मुले मला दरवर्षी विचारतात. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो, म्हणून तो कधी थंडीत तर कधी ऐन उन्हाळ्यात पडतो. एकच उत्तर सगळ्या वर्षांना लागू होत नाही. थंडीत इफ्तारच्या आधी अर्धा-पाऊण तास हलका सराव करायला हरकत नसते. तो संपताच पाणी मिळते. उन्हाळ्यात दुपारी सराव करणे मात्र चूकच. तेव्हा इफ्तारनंतर दोनेक तासांनी करावा, नाही तर महिनाभर नुसते पवित्रे आणि श्वासाचे व्यायाम करावेत. महिनाभरात विद्या विसरत नाही.

मोकळ्या मैदानात दुसरे भय विजेचे. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस यांत विजा जास्त पडतात. वीज चमकली की मनात सेकंद मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. सराव तेथेच थांबवून पक्क्या इमारतीत जायचे. एकट्या झाडाखाली मुळीच उभे राहायचे नाही. दांडपट्टा, तलवार असे लोखंडी सामान हातात घेऊन रेंगाळायचे नाही. सपाट मैदानात उभा माणूस हाच सर्वांत उंच असतो. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा आणि मगच बाहेर यावे.

काठी फिरवणाऱ्यांनी पावसात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओली काठी हातातून निसटली की ती फिरवणाऱ्याला लागत नाही, पाहणाऱ्याला लागते. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत 'विटा' नावाचे एक शस्त्र आहे. तो एक भाला असतो, आणि त्याला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक मनगटात अडकवलेले असते. फेकला तरी तो परत ओढून घेता येतो. काठीला अशी दोरी नसते. म्हणून भिजलेल्या मैदानात दोन जोड्यांमधले अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवतात आणि बघ्यांना मागे सरकवतात.

राहता राहिल्या जखमा. मातीत खरचटणे रोजचेच, आणि पैलवान त्यावर हौद्यातील माती चोळतात. मातीत हळद आहे, म्हणून ती औषधी, अशी त्यांची समजूत असते. हा उपाय करू नका. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि हळदीने ते मरत नाहीत. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही येतात आणि पायावरच्या लहानशा चिरेतून शरीरात शिरतात. पायाला जखम असेल तर त्या आठवड्यात डबक्यात उतरू नये, आणि चिखलात खेळल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आपण चिखलात खेळलो होतो हे आठवणीने सांगावे. धनुर्वात टाळण्याची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती १० व्या आणि पुन्हा १६ व्या वर्षी घ्यायची असते. तुमच्या वर्गातील बहुतेक मुले या दोन वयांच्या मध्ये आहेत. पहिली सुई घेतली होती की नाही, ते आज घरी अम्मींना विचारा.